छोटा डिजिटल मल्टीमीटर: आमच्या जुन्या कॅम्परमधला दीड वर्षाचा अनुभव

व्होल्ट, करंट वगैरे मोजणाऱ्या या मीटरला पाचपैकी चार स्टार देतेय. एक स्टार कुठे कापला ते पुढे सांगते, पण गाडीतलं सगळ्यात जास्त वेळा हातात येणारं हत्यार हेच आहे, पान्यांपेक्षाही जास्त. आमची कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) म्हणजे जुनी एअर-कूल्ड, हवेने थंड होणारी फोक्सवॅगन टाइप २, इंजिन मागे, वायरिंग तिच्याच वयाचं आणि मधल्या प्रत्येक मालकाने त्यात एखादी वायर वाढवलेली. अशी गाडी घेऊन लांब जायचं म्हणजे वाटेत काहीतरी होणार हे धरूनच निघायचं, आणि जे होतं त्यात विजेचं दुखणं शोधायला सगळ्यात अवघड, कारण डोळ्यांना काही दिसतच नाही.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. पहाटे निघायचं होतं, चावी फिरवली तर नुसतं टक्. सेल्फ फिरेना. बाबा म्हणाले, "अगं बॅटरी गेलीय, उजाडल्यावर बघू." मी मीटर लावला, बॅटरी १२.५ व्होल्ट. आता १२.६ म्हणजे फुल आणि १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, त्यामुळे ही काही मेलेली बॅटरी नव्हती. म्हटलं, "बाबा, गाडी न्यूट्रलला आहे ना बघा, आणि परत चावी फिरवा." परत टक्, आणि आकडा फक्त १२.३ पर्यंत आला. इथेच डोक्यात प्रकाश पडला, कारण बॅटरी खरंच कमजोर असती तर सेल्फ मारताना आकडा धाडकन दहाच्या खाली आला असता, इथे तो जवळपास जागचा हललाच नाही, म्हणजे करंट बॅटरीतून निघतच नव्हता, पुढे कुठेतरी वाट अडली होती.

मग मी काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर धरला आणि लाल गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. बाबांनी चावी फिरवली आणि मीटरवर सात व्होल्टच्या वर आकडा! जिथे ०.२ च्या आसपास यायला हवा आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तरी शंका घ्यायची, तिथे सात. म्हणजे बॅटरीतली निम्म्याहून जास्त ताकद अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत यायच्या, वाटेतच संपत होती.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीशी विजेचं खरं नातं एका विणलेल्या अर्थ पट्टीचं असतं. ती खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो, क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा त्याला चालते आणि मग त्या केबल्स तापायला लागतात, म्हणून हे दुखणं अंगावर काढायचं नाही.

आणि हे नीट वाचा, बीपवर विसंबू नका. मी त्या पट्टीची कंटिन्युइटी (वायर सलग असली की मीटर बीप वाजवतो ती टेस्ट) आधी तपासली होती, दोन्ही टोकांना प्रोब लावले तर मीटर खणखणीत वाजला. यात मीटरची चूक नाही. बीपच्या टेस्टला मीटर अगदी नखभर करंट सोडतो, तो केसाएवढ्या एका तारेतूनही आरामात जातो. सेल्फला शंभरच्या वर अँपिअर लागतात. म्हणून वायर चांगली की वाईट हे तिच्यावर लोड असतानाच बघायचं, वर केलं तसं. दीड वर्षात या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त वेळा वाचवलंय.

तेव्हा तात्पुरता इलाज म्हणून जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. उजाडल्यावर पट्टी काढली तर लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत, जिथे तारा दाबलेल्या असतात तिथे, हिरवट पावडर झालेली आणि बोटाने वाकवली तशा तारा तुटून हातात आल्या.

रोजच्या वापरात म्हणाल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की मी निश्चिंत. १२.४ दिसतोय आणि हळूहळू उतरतोय म्हणजे चार्जिंग बंद. ज्या जुन्या इंजिनांमध्ये कूलिंगचा पंखा डायनामोच्याच शाफ्टवर बसतो (आमचं तसंच आहे) तिथे बेल्ट तुटला तर चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम जातं, त्यामुळे डॅशवरचा लाल दिवा लागला की मीटरबिटर राहू दे, आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. राहायच्या बाजूची वेगळी बॅटरी असेल तर तीही रोज सकाळी मोजायची, गॅस-इलेक्ट्रिक फ्रिज १२ व्होल्टवर चालू राहिला तर रात्रभरात ती बसवतो. फक्त गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, आकडा फुगलेला येतो, दोनेक तास जाऊ द्या.

आता तक्रारी. सोबत आलेल्या वायरी आखूड आणि कडक, थंडीत तर वाकतच नाहीत. क्रोकोडाइल क्लिप दिलेल्या नाहीत आणि मागे इंजिन असलेल्या गाडीत ही मोठीच अडचण आहे, कारण चावी पुढे आणि मोजायचं मागे, एकट्या माणसाने करायचं कसं? मी वेगळ्या क्लिप आणि लांब सिलिकॉनच्या वायरी घेतल्या. ऑटो-रेंज (मोजायची पट्टी मीटरने स्वतः निवडणं) जरा संथ आहे, सेल्फ मारताना आकडा स्थिर व्हायच्या आत चावी सुटते, त्यामुळे मी रेंज हाताने लॉक करते. कमीत कमी आकडा धरून ठेवणारं बटण यात हवंच होतं, तो एक स्टार त्याचाच.

अजून एक, करंट मोजून झाला की लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमधून काढून लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. विसरून तशीच बॅटरीवर धरली तर सरळ शॉर्ट होतो. आतला फ्यूज आहे म्हणून मीटर वाचतो, तसे दोन फ्यूज जास्तीचे ठेवा. आणि सेल्फचा करंट या मीटरने मोजायला अजिबात जाऊ नका, त्याला वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर लागतो.

व्होल्ट, अँपिअर, ओहम तिन्ही एकाच डब्यात मोजणारा अव्होमीटर १९२३ मध्ये बाजारात आला, ब्रिटिश पोस्ट ऑफिसातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनिअरने वेगवेगळी मीटरं वाहून कंटाळून तो बनवला होता. आज ते सगळं खिशात मावतंय, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

नवीन पट्टी घालून आता चार महिने झाले. परवा निघायच्या आधी परत मोजली, सेल्फ मारताना ०.०८.