साडेसात हजारांचा स्वयंपाकघरातला फोन

फोनचं नाव लिहीत नाहीये, त्यात गुपित काही नाही. मी घेतला तेव्हा सात-आठ हजारांत तीन-चार कंपन्यांचे फोन मिळत होते आणि सगळ्यांची अंगकाठी सारखीच होती. पावणेसात इंचांच्या आसपास स्क्रीन, तीही एचडी प्लस, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोअरेज, ५००० एमएएचची बॅटरी आणि खोक्यात १० वॉटचा चार्जर. वर्षभरात मॉडेलचं नाव बदलतं, पाठीचा रंग बदलतो, आतलं बहुतेक तेच राहतं. मी नाशिकला एमजी रोडवरून घेतला, साडेसात हजारांत. दुकानदाराने किमतीत एक रुपया सोडला नाही, स्क्रीनवर काच तेवढी फुकट लावून दिली.

मी घरून फराळाचं आणि वाळवणाचं करते. चकली, शेव, अनारसे, उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, आणि मेतकूट बारा महिने. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. दिवाळीत तर पार्सल जर्मनीला नि अमेरिकेला जायचं असतं, म्हणून मुलांच्या आया गणपती उठायच्या आतच विचारायला लागतात.

दुसरा फोन कशाला, असं घरात विचारून झालं. प्रश्न रास्त होता. माझ्या पहिल्या फोनला दोन सिमं आहेत. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून वेगळं ॲप म्हणून आहेच, आणि २०२३ पासून साध्या व्हॉट्सॲपमध्येसुद्धा दोन खाती चालतात. म्हणजे नंबर वेगळा ठेवण्यासाठी फोन वेगळा लागत नाही. पण धंद्याचा फोन माझ्या एकटीच्या हातात राहत नाही. मी कढईपाशी असले की मावशी उचलतात, पार्सल पोचवायला भाचा निघाला की त्याच्या खिशात जातो, आणि त्या नंबरावर येणारी निम्मी माणसं अनोळखी असतात. माझा बँकेचा फोन असा दहा हातांतून फिरावा हे मला नको होतं. जुन्या वाड्यात आल्या-गेल्याला ओटीवर बसवायचे, तसा हा फोन मी बाहेरच्यांसाठी ठेवला आहे.

म्हणून या फोनमध्ये बँकेचं ॲप नाही की यूपीआय नाही. यूपीआय चालू करताना ॲप त्या फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर तपासतं, त्यामुळे बँकेत नोंदवलेलं सिम ज्या फोनात, त्याच फोनात यूपीआय. ते सिम मी पहिल्या फोनातून हलवलेलंच नाही. गिऱ्हाईक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट या फोनवर पाठवतं, पण स्क्रीनशॉट कुणालाही बनवता येतो. पैसे आले की नाही हे मी बँकेच्या खात्यातच बघते, मगच डबा बंद होतो. आता लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवायची टूम निघाली आहे. ती उघडून इन्स्टॉल केली की ओटीपीसकट सगळं चोराच्या हातात. धंद्याच्या नंबरावर अशा फाईली येणारच, कारण नंबर पाकिटा-पाकिटावर छापलेला आहे. मावशींना एवढंच सांगून ठेवलंय की फोटो आणि आवाज सोडून काही उघडायचं नाही. शिवाय १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. या किमतीच्या फोनला सुरक्षेचे अपडेट फार वर्षं मिळत नाहीत, त्यामुळे त्यात पैशांचं काही नसलेलंच बरं.

आता फोनबद्दल. बॅटरी उत्तम, त्यात वादच नाही. सकाळी सहाला चार्जरवरून काढला तर दिवसभराच्या ऑर्डरी, फोन, भाच्याचा नकाशा, सगळं होऊन रात्री झोपताना तीस-चाळीस टक्के उरते. एचडी प्लस स्क्रीन आणि साधा प्रोसेसर यांची भूकच कमी. भरायला मात्र अडीच-तीन तास लागतात. गणित सोपं आहे, बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात आणि चार्जर १० वॉटचा. रात्री लावायचा आणि विसरायचा. "जरा दहा मिनिटं लावते" हा प्रकार या फोनवर निरुपयोगी आहे.

आवाज मोठा आहे. परीक्षणांत याला अर्धी ओळ मिळते, मला तो कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा. मिक्सर चालू, वर चिमणी चालू, तरी रिंग ऐकू येते. खाली एकच स्पीकर, गाण्यांत खोली शून्य, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं गाणं येतं. पण ३.५ मिमीची इयरफोनची पिन आहे आणि एफएम रेडिओ आहे. इयरफोनची वायर हीच रेडिओची एरियल असते, ती खोचून आवाज स्पीकरवर टाकता येतो. दुपारी कुरडयांचा चीक घोटताना आकाशवाणी नाशिक लावते, नेट जळत नाही. माझ्या पहिल्या, तिपटीने महाग फोनला ना पिन आहे ना रेडिओ.

बोटाचा ठसा पॉवरच्या बटणावर. कोरड्या हाताने लगेच ओळखतो, तेलाच्या किंवा पिठाच्या हाताने नाही. माझे हात दिवसातले किती तास कोरडे असतात ते काही विचारू नका. चार आकड्यांचा पिन ठेवला आहे, मावशींनाही तोच सोपा पडतो.

कॅमेऱ्यावर १३ मेगापिक्सेल लिहिलंय. खिडकीपाशी, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात चकलीचे काटे मोजता येतील असा फोटो येतो. ट्यूबलाईटखाली तीच चकली आजारी दिसते, रंग पिवळट आणि कडा विरघळलेल्या. त्यामुळे स्टेटसला टाकायचे फोटो मी सकाळीच काढते. शेजारी दुसरी लेन्स दिसते ती नावाला आहे, तिच्यावर बोट ठेवून फोटो काढलात तरी काही फरक पडत नाही.

खोक्यावर "८ जीबी रॅम" असं ठळक आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत "४+४". वरचे चार म्हणजे स्टोअरेजमधलाच एक तुकडा रॅमसारखा वापरायचा. स्टोअरेज रॅमइतकं वेगवान नसतं, त्यामुळे फोन त्याने पळत नाही, उलट आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. मी सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद केलं. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या जाहिराती आणि न मागितलेले गेमही पहिल्याच संध्याकाळी काढले. ते सगळं निघतं, फक्त शोधावं लागतं.

खरी अडचण जागेची आहे. ६४ जीबीतली वीसेक जीबी फोनची स्वतःचीच. उरलेल्यात व्हॉट्सॲप. ऑर्डर देणारी माणसं नुसती ऑर्डर देत नाहीत, शुभ सकाळ पाठवतात, नातवाच्या नाचाचे व्हिडिओ पाठवतात, एकादशीला विठ्ठलाचा तोच फोटो सात जणींकडून येतो. मेमरी कार्डाला वेगळी जागा आहे, दोन सिमं ठेवूनही कार्ड बसतं, हे चांगलं. पण त्यावर हुरळून जाऊ नका, व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं फोनच्याच स्टोअरेजमध्ये उतरतं, कार्डावर हाताने हलवावं लागतं. आपोआप डाउनलोड बंद करा, हा माझा या सगळ्या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला. त्यानंतर दर रविवारी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधलं स्टोअरेज उघडून मोठे व्हिडिओ उडवते. डाळ निवडण्याचंच काम.

बिझनेस ॲप स्वतः बरं चालतं. दर, पत्ता, "पार्सल निघालं" अशी ठरलेली उत्तरं साठवून ठेवली आहेत, तिरकी रेघ टाइप केली की यादी येते. यादी यायला क्षणभर लागतो. पहिल्या फोनवर हाच क्षण मला सहन होत नसता, इथे चालतो, कारण एका हातात झारा असतो. मावशी मराठीत बोलून टाइप करतात, "अर्धा किलो भाजणी, सोमवारी", आणि ते बहुतेक वेळा बरोबर उमटतं.

भाच्याची एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. नकाशावरचा निळा बाण तुम्ही उभे असताना कुठे तोंड करून आहात ते सांगत नाही, चालायला लागलात की मग जागेवर येतो. फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नाही. या किमतीत तो बऱ्याचदा गाळतात आणि खोक्यावर तसं कुठे लिहीत नाहीत. गंगापूर रोडला काही वाटत नाही, पण जुन्या नाशकात गल्लीला गल्ली फुटते तिथे तो दोन पावलं पुढे, दोन मागे असा कवायत करत बसतो. ५जी नाही याचं मात्र कुणालाच काही वाटलं नाही. घरात वायफाय आहे, बाहेर ४जीवर ऑर्डरी येतातच.

इथवर हा फोन मला आवडला आहे हे कळलं असेल. पण आमच्या मावशींकडेही योगायोगाने हेच मॉडेल आहे, फक्त त्यांचा तो पहिला फोन आहे आणि एकुलता एक आहे. त्यांच्या फोनकडे बघितलं की माझं मत डळमळतं.

माझ्याकडे जे दोष चालून जातात ते त्यांच्याकडे अडतात. लाडकी बहीणचं ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालं तेव्हा त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. संकेतस्थळ उघडायचं, आधारचा नंबर टाकायचा, ओटीपी मागवायचा. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं आणि परत आलं की पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचं, कारण कमी रॅममध्ये फोन मागचं पान सोडून देतो. ओटीपी वाया, पुन्हा मागवा. शेवटी पान न सोडता वरून नोटिफिकेशन ओढून ओटीपी तिथेच वाचला, तेव्हा झालं. हा उपाय कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. माझ्या फोनवर हेच झालं असतं तर मी उठून दुसरा फोन आणला असता. त्यांना तो दुसरा नाही. नातवाच्या शाळेचा ग्रुप, गॅसची नोंदणी, मुलीचा व्हिडिओ कॉल, पैसे, सगळं त्या ६४ जीबीत. जागा संपली की ॲपचा अपडेट अडतो, आणि जुनं झालेलं पैशांचं ॲप एक दिवस अपडेट केल्याशिवाय उघडतच नाही.

यूट्यूबवर परीक्षणं करणारी मुलं या फोनला "सेकंडरी फोन म्हणून ठीक" म्हणतात आणि पुढे जातात. त्यांच्या टेबलावर आणखी दहा फोन असतात. दुकानात मी उभी होते तेवढ्या वेळात हा फोन घेणाऱ्यांत दुसरा फोन घेणारी मी एकटीच दिसले. बाकीच्यांना फोनच घ्यायचा होता.

तेव्हा धंद्याला, गावाकडच्या घरी ठेवायला, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायला घेत असाल तर खुशाल घ्या. घरातल्या कुणाचा एकमेव फोन म्हणून घेत असाल तर थोडे पैसे वर घाला आणि ६ जीबी, १२८ जीबीचा बघा. त्या पैशांत कॅमेरा बदलणार नाही, स्क्रीन बदलणार नाही, पण ओटीपी वाया जाणार नाही. हप्त्यावर मिळत असेल तरी हरकत नाही, फक्त व्याज आणि प्रोसेसिंग फी धरून एकूण किती होतात ते दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या.

घेताना पक्कं बिल मागा. दुकानातच *#०६# डायल करून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. जुना फोन घेत असाल तर इंग्रजीत केवायएम (KYM), मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. तो फोन काळ्या यादीत असेल तर लगेच कळतं.

आणि स्वयंपाकघरात वापरणार असाल तर काळा रंग घेऊ नका, बेसन लगेच दिसतं. मी फिकट हिरवा घेतला आहे.