आंबा आटोपला, आता मिनी ट्रॅक्टरचं काय? चालू ठेवावा, बंद करावा की चिखलणीला द्यावा

कोकणातल्या आंबा बागायतदाराचा मिनी ट्रॅक्टर मोहोरापासून मे अखेरपर्यंत राबतो. तुडतुडे-भुरीच्या फवारण्या, पाण्याच्या टाक्या, मग क्रेटची वाहतूक. पाऊस लागला की तो मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये जातो आणि दसऱ्याच्या आसपास बाहेर निघतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात दमट चार महिने तो एका जागी उभा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या काळात 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यात समुद्राकडची खारी हवा. थंड मुलखात ट्रॅक्टर ठेवताना रेडिएटरातलं पाणी गोठेल याची धास्ती असते. आपला शत्रू गंज आहे, आणि उंदीर.

बहुतेकांसमोर तीन मार्ग असतात. वाडीतल्या कोणाला तरी आठवड्याला सेल्फ मारायला सांगायचं, नीट तयारी करून पूर्ण बंद ठेवायचा, किंवा जुलैत भाताच्या चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करायला, भाड्याने द्यायचा.

आठवड्याला स्टार्ट करणं

सगळ्यात जास्त लोक हेच करतात, आणि ज्या पद्धतीने करतात त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन चांगलं तापलं तर ती बाहेर पडते. पाच मिनिटं स्लोवर ठेवून बंद केलं तर तीच वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. असा ट्रॅक्टर बघायचा असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा: दुधाळ, पिवळट साय धरलेली दिसेल. बॅटरीचंही तेच. एका सेल्फला जेवढा करंट जातो, तेवढा पाच मिनिटांच्या स्लो रेसिंगमध्ये परत भरत नाही. ऑगस्ट येईपर्यंत सेल्फ नुसता कट-कट करायला लागतो आणि दोष बॅटरीवाल्याला मिळतो.

तरीही हा मार्ग टाकाऊ नाही. स्वतः गावात राहणाऱ्यासाठी तर तो सर्वांत चांगला, पण अट एक: पंधरा दिवसांतून एकदा का होईना, ट्रॅक्टर खरोखर चालवायचा. किमान अर्धा तास, लोडवर, टेम्परेचरचा काटा मधोमध येईपर्यंत. बागेतलं गवत कापायला काढला तर उत्तमच. त्या निमित्ताने क्लच, ब्रेक, लिफ्ट, पीटीओ (मागच्या अवजाराला फिरवणारा दांडा) सगळं हलतं आणि टायर एकाच जागेवर दबून राहत नाहीत. मालक मुंबईत आणि किल्ली शेजाऱ्याकडे, अशी स्थिती असेल तर हे होणार नाही हे मान्य करून पुढचा मार्ग धरावा.

पूर्ण बंद करून ठेवणं

याला एक अख्खा दिवस द्यावा लागतो. पण ज्यांचा ट्रॅक्टर दोन महिन्यांपेक्षा जास्त उभा राहणार आहे आणि जवळ कोणी भरवशाचं नाही, त्यांनी दुसरा विचारच करू नये.

आधी धुणं. फवारणीतल्या गंधकाचा थर पत्र्यावर, वायरींच्या जोडांवर, फॅनजवळ बसलेला असतो. ओल मिळाली की तो धातू खातो. म्हणून पावसाआधी, कडक ऊन असतानाच धुवावा आणि दोन दिवस वाळू द्यावा. फवारणी पंप, टाकी, पाइप यांतून स्वच्छ पाणी फिरवून सगळं निथळून काढावं.

मग इंजिन ऑइल. पुष्कळ जण म्हणतात, 'आत्ता कशाला, ऑक्टोबरात काम सुरू करताना बदलू.' हे उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगवर बसून राहते. ऑइल आणि फिल्टर आत्ता बदला, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल, आणि मग बंद करा.

डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या टाकीत वरच्या मोकळ्या हवेतली ओल पत्र्यावर घाम धरते, ते पाणी तळाशी उतरतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर शेवाळासारखा चिकट गाळ वाढतो. तोच पुढे फिल्टर चोंदवतो. याउलट पेट्रोलवरचा पॉवर वीडर शेजारी ठेवणार असाल तर त्याची टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा पडून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं. एकाच मांगरातल्या दोन यंत्रांना दोन उलट नियम, एवढं लक्षात ठेवायला हवं.

रेडिएटरात साधं पाणी असेल तर काढून कूलंट भरा. ते इथे थंडीसाठी नाही, आतल्या गंजासाठी. सगळ्या निपलना (ग्रीस भरायच्या बारीक तोंडांना) ताजं ग्रीस मारा, जुनं बाहेर येईपर्यंत.

क्लचकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. दमट हवेत क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते आणि ऑक्टोबरात पेडल दाबूनही गिअर पडत नाही. मग ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात, त्याची मजुरीच डोळे पांढरे करते. उपाय मात्र फुकटचा आहे: पेडल पूर्ण दाबायचं आणि सीटच्या चौकटीला टेकवून लाकडाची रीप अडकवून ठेवायची. काही मॉडेलना यासाठी हूक दिलेला असतो. गाडी न्यूट्रलला, चाकांना ओट लावलेले, लिफ्ट पूर्ण खाली आणि रोटाव्हेटर फळीवर टेकलेला.

बॅटरी काढून घरात आणा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना शेवटी निगेटिव्ह. महिन्यातून एकदा चार्ज करा. मीटर असेल तर 12.6 व्होल्टच्या वर हवी, 12.4 च्या खाली सोडू नका. टायर जॅकवर उचलून ठोकळ्यांवर ठेवता आले तर छानच. नाही जमलं तर हवा पूर्ण ठेवून खाली फळ्या घाला, मातीच्या जमिनीची ओल थेट लागत नाही.

तोंडं बंद करायला विसरू नका. सायलेन्सर आणि एअर क्लीनरच्या तोंडात उंदीर घर करतात, कुंभारीण माशी तर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या बारीक नळीतही मातीचं घरटं बांधते. तिथे कापड बांधा आणि स्टिअरिंगला मोठ्या अक्षरातली चिठ्ठी लावा की कापड काढल्याशिवाय स्टार्ट करू नये.

शेवटी ताडपत्री. ती अंगाला घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. पत्र्याखाली, बाजूने वारा खेळेल असा ट्रॅक्टर नुसता वरून झाकलेला बरा. आणि खताच्या गोण्या त्याच मांगरात ठेवू नका. पावसाळ्यात खत पाणी सोडतं आणि लोखंडाला गंजच गंज चढतो.

चिखलणीला देणं

पैसे मिळतात, इंजिन लोडवर चालतं, बॅटरी भरलेली राहते. पण मिनी ट्रॅक्टरची चाकं लहान, त्यामुळे चिखल थेट पुढच्या अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलपर्यंत जातो. नवखा ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवतो. ओळखीचा, हात बसलेला माणूस असेल तरच द्या, आणि रस्त्यावर येणार म्हणून विम्याची तारीख आधी बघा. भाड्याने दिलेल्या अवस्थेत काही झालं तर काय, हे पॉलिसीवर वाचून घ्या.

शिवाय लावणी जुलैत उरकते. नंतरचे दोन-अडीच महिने ट्रॅक्टर उभाच राहणार, तोही चिखलाने माखलेला. म्हणजे वर सांगितलेला तयारीचा दिवस टळत नाही, फक्त पुढे जातो. चिखलणीनंतर पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल थोडं काढून पाहा. ते दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी गेलं आहे. सील आणि तेल बदलूनच ट्रॅक्टर ठेवा.

ऑक्टोबरात बाहेर काढताना

पंधरवड्याला चालवलेल्याला वेगळं काही लागत नाही. बंद ठेवलेल्याचं कापड आणि रीप काढा, वायरी कुरतडल्यात का ते हात फिरवून पाहा, वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वाटीच्या) तळाचं पाणी सोडा. मग स्टॉपची दांडी ओढून धरून दहा-दहा सेकंद दोन-तीनदा सेल्फ फिरवा, मध्ये थोडी उसंत देऊन. असं केल्याने पेट घेण्याआधी ऑइल वरपर्यंत चढतं. स्टार्ट झाल्यावर ऑइलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर रेस न देता पाच मिनिटं चालू द्या, मग मोकळ्या जागेत आधी ब्रेक तपासा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर चाकांचे नट आवळा आणि ट्रॅक्टर उभा केला त्या जागी तेलाचा थेंब पडलाय का ते बघा.