बिदरी डबी घेतली, आणि तारकशी शब्दाचा उलगडा

बिदरला चौबारा या जुन्या टेहळणी बुरुजाच्या आसपास बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवायचं काम करणाऱ्या कारागिरांची दुकानं आहेत, त्यातल्याच एका छोट्या दुकानातून मावशीसाठी लवंग-वेलदोड्याची डबी घेतली. एकदम मस्त काम! मिट्ट काळ्यावर चांदीच्या तारेची वेल, आणि बोट फिरवलं तरी तार हाताला लागत नाही इतकी सपाट ठोकलीये.

बिदरी हे नाव गावावरूनच पडलं हे माहीत असतं सगळ्यांना, पण दुकानातले चाचा "ये तारकशी है, वो तहनिशां" म्हणाले आणि मी तिथेच अडकले. तारकशीतलं कशी हे फारसी कशीदन वरून आलंय, म्हणजे ओढणे, खेचणे. चांदी बारीक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढून ओढून तार काढतात ना, तेच. आपल्या साडीवरचा कशिदा पण त्याच क्रियापदाचा, तिथे दोरा ओढतात! म्हणूनच कटकची चांदीच्या तारांची जाळी पण तारकशी आणि मैनपुरीचं शिसवी लाकडात पितळी तार ठोकायचं काम पण तारकशीच. तहनिशां मध्ये तह म्हणजे तळ, कोरून खोल केलेल्या जागेत चांदीचा पत्रा बसवतात, त्यात चांदी जास्त लागते. त्यामुळे घेताना नुसतं बिदरी मागू नका, यातलं कुठलं काम आहे ते नक्की विचारा, किमतीचा फरक लगेच कळतो.

मूळ धातू जस्त, त्यात थोडंसं तांबं. ओतून घासून झालं की मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरलेली रेघ नीट दिसते, मग चांदी ठोकून परत घासतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर घातलेल्या गरम पाण्यात बुडवतात, त्याने जस्त काळं पडतं आणि चांदी तशीच चमकत राहते. हे समोर बघायला मिळालं तर सोडू नका खरंच. इथलेच बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळालीये, या कलेला हा मान मिळायलाच हवा होता.

डबीचं झाकण मात्र जरा घट्ट आहे, मावशीला दोन्ही हात लावावे लागतात, आणि पॅकिंग म्हणजे नुसता पेपर, लांब न्यायची असेल तर घरून कापड घेऊन जा. पितांबरी, चिंच असलं काही लावू नका, काळा रंग जाईल. मऊ फडक्यावर थेंबभर खोबरेल पुरतं.