पालकाची पावडर: सावलीत वाळवावी की ट्रे ड्रायरमध्ये?

पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाशीच्या मंडईतून आणलेली एक किलो निवडलेली पानं वाळली की जेमतेम ८०-९० ग्रॅम पावडर होते.

सावलीत पंख्याखाली वाळवायला खर्च नाही, पण ठाण्याची खाडीकाठची दमट हवा आड येते. पान कुरकुरीत लागतं, देठ मात्र चिवट राहतो. मग दळताना पावडर मिक्सरच्या भांड्याला चिकटते आणि बरणीत गाठी धरते. पावसाळ्यात तर बुरशी ठरलेलीच. उन्हात मुळीच घालू नका. बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं) जातं, हिरवा रंग विटतो.

ट्रे ड्रायरमध्ये, म्हणजे ट्रेवर पसरलेली पानं गरम हवेने वाळवणाऱ्या यंत्रात, ५५ अंश सेल्सिअसला, पानं एकाच थरात पसरून साधारण ६ ते ८ तास लागतात. त्याआधी देठ काढून पानं उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात घाला आणि नीट निथळा. रंग टिकतो, क जीवनसत्त्व मात्र थोडं पाण्यात उतरतं. घाईने तापमान ७० च्या वर नेलंत तर पावडर शेवाळी, करपट होते.

पालकासाठी आमचा कौल ड्रायरलाच. सुगंधासाठी वाळवायची मेथी कोरड्या दिवसांत सावलीतही छान होते. पानं पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर बरणीत वाफ धरते.