राखेचे दोन ढीग: पोटॅश काढायचं की सिलिका?

साखर कारखान्याच्या मागे राखेचे ढीग लांबून सगळे सारखेच दिसतात. पण सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत शेड घेऊन राखेवर धंदा मांडणार असाल, तर ढीग डिस्टिलरीच्या बॉयलरचा की बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या), ते आधी विचारा.

डिस्टिलरीत १ लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मळीचं सांडपाणी, निघतो. तो आटवून जाळला की उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश राखेत उरतं. त्या राखेचे दाणे पाडायचे, वाळवायचे, खत म्हणून पोती भरायची. काम सरळ आहे. खताच्या नियमाने १४.५ टक्के पोटॅश लागतं आणि २०२१पासून त्यावर अनुदानही आहे. एमओपीत (बाजारातल्या नेहमीच्या पोटॅश खतात) मात्र ६० टक्के असतं, म्हणजे तेवढ्याच पोटॅशसाठी चौपट पोती वाहायची. त्यामुळे माल जवळपासच खपवावा लागतो. राख ओल धरते आणि तिची ढेकळं होतात, हेही लक्षात असू द्या. शिवाय कारखान्याने उद्या स्वतःच दाणे पाडायला घेतले तर तुम्ही बसाल हात चोळत. म्हणून आधी लेखी करार.

बगॅसच्या राखेत सिलिका असते, वाळूत असते तीच. उसाचं पान हाताला कापतं ना, ती हीच. १०० टन उसामागे २८-३० टन बगॅस आणि जेमतेम पाऊण टन राख. ही राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून गाळली की सोडियम सिलिकेट, त्यात आम्ल घातलं की टायर-टूथपेस्टला लागणारी सिलिका. ऐकायला झकास! पण तिथे गाठ गोंदिया-भंडाऱ्याच्या भाताच्या तुसाशी आहे. त्याची राख ८५-९० टक्के सिलिका, आणि ६००-७०० अंशांवर नीट जाळली तर सहज विरघळणारी. आपल्या राखेत उसाबरोबर आलेली काळी माती, अर्धवट जळका कोळसा आणि बॉयलरच्या उष्णतेने स्फटिक झालेली, कॉस्टिकला दाद न देणारी सिलिका.

म्हणून माझं मत: करार हाती असेल तर पोटॅश. नसेल तर सिलिकेटवरच थांबा, पुढे जाऊ नका. टॉवेल-चादरींचं सूत पेरॉक्साइडने ब्लीच करताना सिलिकेट लागतं, म्हणजे गिऱ्हाईक सोलापुरातच आहे. फक्त त्यात लोह उतरलं तर पेरॉक्साइड भडकतो आणि कापडाला भोकं पडतात. तेव्हा हंगामाच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन वेळची राख घ्या, प्रत्येकीचं थोडं सिलिकेट करून त्यातलं लोह तपासा, मगच शेडचं भाडं ठरवा.