जुन्या मॅकबुक एअरवर लिनक्स: आतलं वायफाय चालवावं की डोंगल घ्यावा?

2013 ते 2017 मधली मॅकबुक एअर घरात पडून असेल, तर ॲपलकडून तिला आता नवं मॅकओएस मिळणार नाही. 2013-14 ची यंत्रं बिग सरवर थांबली, पुढची माँटेरीवर. यंत्र मात्र धडधाकट, म्हणून आपण लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो. स्क्रीन, कीबोर्ड, आवाज सगळं जागेवर, फक्त वायफाय गायब. आत ब्रॉडकॉमची बीसीएम4360 चिप आहे आणि तिला चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नाही. जुन्या लेखांत ‘बी43’ या दुसऱ्या ड्रायव्हरची कृती सापडेल. या चिपसाठी तिच्या नादी लागू नका.

पहिला मार्ग ब्रॉडकॉमच्याच ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरचा. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट यंत्राला देणं) सुरू करा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरवर खूण करा, रीस्टार्ट. पैसे शून्य, वेग चांगला. पण हा ड्रायव्हर बंदिस्त आहे आणि कंपनीची शेवटची आवृत्ती 2015 ची. नवा कर्नल आला की डिस्ट्रोवाले (मिंटसारखे लिनक्सचे प्रकार बनवणारे) या ड्रायव्हरला ठिगळ लावतात, मग तो तुमच्या यंत्रावर पुन्हा कंपाइल होतो, म्हणजे नव्या कर्नलसाठी घडवला जातो. ठिगळ यायला उशीर झाला, तर अपडेटनंतर वायफाय गेलंच म्हणून समजा. 2019 मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटीही जाहीर झाल्या. रूटर फक्त डब्ल्यूपीए3 या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल, तर जोडणी होत नाही.

दुसरा मार्ग डोंगलचा, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खुपसायच्या छोट्या वायफाय उपकरणाचा. त्याला पैसे पडतात आणि एअरच्या दोन यूएसबी पोर्टपैकी एक कायमचं अडतं. मांडीवर घेऊन बसलं की तो कशाला तरी अडकतोच. बदल्यात कर्नलची चिंता मिटते, पण चिप बघून घेतला तरच. मीडियाटेकच्या एमटी7612यू चा ड्रायव्हर कर्नल 4.19 पासून आत आहे, एमटी7921एयू चा 5.18 पासून. रिअलटेकच्या बऱ्याच स्वस्त डोंगलना कर्नलबाहेरचा ड्रायव्हर शोधावा लागायचा. तसला घेतलात तर पैसे देऊन तेच दुखणं विकत घेतलंत. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ छापलंय एवढ्यावर भुलू नका, चिपचा नंबर विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान.

आतलं वायफायचं कार्डच बदलायचं म्हटलं तर ॲपलचा स्लॉट वेगळ्या घडणीचा, म्हणजे ॲडॉप्टर आला, पाच पाकळ्यांच्या स्क्रूचा पेचकस आला. हौस असेल तरच.

मिंटच्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर राहणार असाल, तर डब्ल्यूएल पुरतो. आईवडिलांच्या एअरवर मी तोच टाकेन. मात्र फेडोरा किंवा आर्चसारखं सतत नवा कर्नल घेणारं दुसरं लिनक्स वापरायचं असेल किंवा बँकेची कामं याच यंत्रावर असतील, तर सरळ डोंगल.

आणि हो, या एअरच्या फेसटाइम कॅमेऱ्यालाही बाहेरचाच ड्रायव्हर लागतो. तिथेही सोपा मार्ग म्हणून यूएसबी वेबकॅम लावलात, की दुसरं पोर्टही गेलं.