न्यू जर्सीत हीटिंगचे बिल थकले, तर आधी कोणाकडे जावे?

न्यू जर्सीत जानेवारी-फेब्रुवारीचे गॅस आणि विजेचे बिल पाहून ज्यांचे महिन्याचे गणित कोलमडते, त्यांच्यापुढे मदत म्हणून अनेक योजना येतात. परंतु त्यांतील काही बिलाची रक्कम कमी करतात, एखादी घराला लागणारी उष्णताच कमी करते, आणि काही केवळ भरणा पुढे ढकलतात. जी योजना आधी कानावर पडली तिच्यात नाव नोंदवून मोकळे होण्यापूर्वी हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

सर्वांत परिचित योजना म्हणजे लायहीप (LIHEAP), कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घर तापवण्याच्या खर्चात मदत करणारी केंद्रीय योजना. 1981 पासून केंद्र सरकार तिच्यासाठी राज्यांना निधी देते आणि मंजूर झालेली रक्कम सहसा थेट गॅस किंवा वीज कंपनीकडे जमा होते. तेलावर किंवा प्रोपेनवर घर तापवणाऱ्यांनाही ती मिळते, आणि ज्यांच्या घरभाड्यातच हीटिंग धरलेले असते असे भाडेकरूही अर्ज करू शकतात. मात्र हा हक्क नव्हे. निधी संपला की मदत संपली. 2025 च्या शरद ऋतूत केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले, तेव्हा हा निधी राज्यांपर्यंत पोहोचण्यासच विलंब झाला होता. त्यामुळे थंडी पडण्याची वाट न पाहता हंगामाच्या सुरुवातीलाच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

लायहीपची मदत साधारणपणे हंगामातून एकदा मिळते, तर राज्याच्या युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाची सवलत दरमहा बिलातून वजा होते. कुटुंबाचा गॅस आणि विजेवरील खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्केवारीहून अधिक असेल तर ती लागू होते, म्हणून ज्यांची चणचण एका हिवाळ्यापुरती नाही त्यांना हीच योजना अधिक उपयोगी आहे. दोन्हींसाठी अर्ज एकच असल्याने निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त तेलावर घर तापवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की हा फंड गॅस आणि वीज कंपन्यांच्या बिलांपुरताच आहे. आपल्या लोकांना अशा अर्जाचा संकोच वाटतो, हात पसरल्यासारखे वाटते. वस्तुतः या फंडातील पैसा राज्यातील ग्राहकांच्या बिलांवरील आकारातूनच गोळा होतो, म्हणजे आज अर्ज करणाऱ्यानेही आजवर त्यात भर घातलेली असते.

वेदरायझेशन या दोहोंपेक्षा वेगळे आहे. तेलसंकटानंतर, 1976 च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत बिलाचा एक डॉलरही भरला जात नाही. घराची तपासणी करून फटी बुजवल्या जातात, माळ्यावर उष्णतारोधक थर घातला जातो आणि गरजेनुसार फर्नेस दुरुस्त केली किंवा बदलली जाते. माझ्या मते जुन्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाची मदत हीच, कारण फटीफटींतून उष्णता निसटणाऱ्या घराचे बिल दरवर्षी कोणाकडून तरी भरून घेणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे आहे. परंतु तिच्यासाठी प्रतीक्षायादी असते, भाडेकरूला घरमालकाची परवानगी लागते, आणि छत गळत असेल किंवा भिंतींना बुरशी असेल तर आधी ते निस्तरेपर्यंत काम थांबवले जाते. उद्या वीज तोडण्याची नोटीस हातात असलेल्याला तिचा उपयोग नाही. त्याने लायहीपच्या आपत्कालीन मदतीविषयी विचारावे. पात्र कुटुंबाच्या बाबतीत 48 तासांत, आणि जिवाला धोका असल्यास 18 तासांत, काही उपाय करण्याचे बंधन केंद्रीय कायद्यातच आहे.

कंपन्यांचे समान हप्त्यांचे बिल अनेकांना मदत वाटते, पण ती मदत नव्हे. वर्षाच्या अंदाजे खर्चाचे बारा भाग पाडले जातात, आणि वापर अंदाजाहून अधिक झाला तर फरक नंतर भरावाच लागतो. उत्पन्न स्थिर असलेल्यांसाठी ही सोय चांगली आहे. ज्यांचे उत्पन्नच अपुरे आहे त्यांच्यासाठी ते आजचे मरण उद्यावर ढकलणे होय.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचे पर्याय मात्र कमी आहेत, कारण लायहीपसारख्या केंद्रीय लाभांसाठी असा व्हिसा पुरेसा धरला जात नाही. नोकरी गेली असेल तर त्यांनी प्रथम वीज किंवा गॅस कंपनीकडे थकबाकीचे हप्ते पाडून मागावेत आणि 211 या क्रमांकावर फोन करून स्थानिक सेवाभावी संस्थांची चौकशी करावी.

15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात लायहीप किंवा युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाचे लाभार्थी आणि आणखी काही ठरावीक गटांतील ग्राहक यांची वीज किंवा गॅस थकबाकीसाठी तोडता येत नाही. या काळात बिलाची आकारणी मात्र थांबत नाही, त्यामुळे या संरक्षणाखाली असलेल्यांनी हप्त्यांची बोलणी 16 मार्चपर्यंत न लांबवता फेब्रुवारीतच उरकावीत.